पुढचा बसल्याशिवाय

मनीषनगरात आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला विचारतात, "ताई, तुम्ही नोकरीत नेमकं करायच्या काय?" मी नर्स नव्हते, डॉक्टर तर नाहीच नाही. मी सांगते, "माणसं चालवायची आणि वेळेवर थांबवायची." खालच्या मजल्यावरच्या एकीला बरेच दिवस वाटत होतं, की मी ट्रॅफिक पोलिसात होते.

मी नागपुरातल्या एका हृदयाच्या दवाखान्यात टेक्निशियन होते. निम्मी नोकरी टीएमटीच्या खोलीत गेली. टीएमटी म्हणजे जागच्या जागी चालायचा पट्टा. माणसाच्या छातीला वायरी चिकटवायच्या, दंडाला बीपीचं यंत्र बांधायचं आणि त्याला पट्ट्यावर चालायला लावायचं. थोड्या थोड्या वेळानं पट्टा वेग वाढवतो आणि पुढून वर उचलला जातो, म्हणजे घरबसल्या टेकडी चढल्यासारखं होतं. डॉक्टरांची नजर स्क्रीनवर, माझी माणसावर. पुढे दवाखान्यानं व्यायामाची खोली काढली. ज्यांना अ‍ॅटॅक येऊन गेलाय, बायपास झालंय, त्यांना पुन्हा चालतं करायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. उरलेली नोकरी पट्टा आणि ती खोली, दोन्ही सांभाळण्यात गेली.

टीएमटी ही परीक्षा नाही, हे मला आपल्या लोकांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही. एक निवृत्त हेडमास्तर आंघोळ करून, गंध लावून आले, घामाघूम होईस्तोवर चालले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "किती पैकी किती?" महाल भागातल्या एक मावशी नवी कडक साडी नेसून आल्या होत्या, कारण दवाखान्यात चांगलं नेसून जायला हवं. पट्टा सुरू झाल्याबरोबर त्यांनी माझी मान धरली आणि आम्ही दोघी जोडीनं चार पावलं चाललो. एका तरुण गड्याला त्याच्या आईनं छातीला खोबरेल चोपडून पाठवलं होतं, मशीनचा त्रास नको व्हायला म्हणून. माझी एक वायर टिकेना. पुसून पुसून माझे हात दुखले, आणि तो आपला "आईले सांगू नका" म्हणून विनवत होता.

हसायला ठीक आहे. पण परीक्षा म्हटली की पास व्हायचं आलं, आणि पास व्हायचं म्हटलं की आपला माणूस दुखणं लपवतो. आमचा सगळा धंदा त्या दुखण्यावरच चालतो.

नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना हे दुखणं समजवायला सोपं. सकाळी घरातले दिवे झकास लागतात. दुपारी मोहल्ल्यात सगळ्यांचे कूलर सुरू झाले की दिवा मंद होतो, पंखा रडत रडत फिरतो. लाइन आधीपासूनच कमजोर असते, पण सकाळी भार नसतो म्हणून कळत नाही. हृदयाची नळी अरुंद झाली की तसंच होतं. बसलेला माणूस राजासारखा असतो. जिना चढला, पिशवी उचलून झपाझप चालला, की हृदयाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, आणि हृदय तक्रार करतं. तक्रार छातीतूनच येते असंही नाही. कुणाचा जबडा ओढतो, कुणाचा डावा हात जड होतो, कुणाला पोटाच्या वर आवळल्यासारखं वाटतं. आपला माणूस या सगळ्याला गॅस म्हणतो. आदल्या दिवशी सावजीचा झणझणीत रस्सा झाला असेल तर मग बोलायलाच नको.

अशा वेळी करायचं काय, तर चालणं थांबवायचं, बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची. तेवढ्यानं शमलं नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. किती सोपं आहे. यातली गोळी लोक घेतात, दवाखान्यातही येतात. बसत नाहीत. चारचौघांत चालता चालता मध्येच खाली बसणं आपल्या पुरुषांना मरणापेक्षा अवघड जातं, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

आमच्या व्यायामाच्या खोलीतून बरे होऊन गेलेले एक इंजिनीअर होते. फार गोड माणूस, दिवाळीला आठवणीनं अनारसे आणून द्यायचे. सकाळी मित्रांबरोबर बागेत फेऱ्या मारायचे. एके सकाळी त्यांना छातीत भरून आलं. मित्रच नंतर माझ्यासमोर रडत सांगत होते, "तो म्हणाला, जरा टेकू का? आम्ही म्हटलं, चाल ना बे, एकच तर राहिली." त्यांनी ती राहिलेली फेरी पूर्ण केली आणि गाडीपाशी जाऊन कोसळले. गोळी शर्टाच्या खिशात होती. त्या मित्रांचा मला फार राग आला होता. पुढे तो राग ओसरला, पण बागेत कुणी कुणाला "एकच राहिली" म्हणताना ऐकलं की अजून मी थांबून त्या माणसाचा चेहरा बघते.

आता देवरावजींचं सांगते. मुळात लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच.

देवराव पराते मूळचे उमरेडचे. घरी हातमाग होते. माग बंद पडले तसे ते बायको शकुंतलाबाईंना घेऊन नागपुरात आले, नंदनवन वस्तीत बिऱ्हाड केलं आणि महालातल्या एका साडीच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकासमोर साडी उलगडायची आणि ते "बघते" म्हणून निघून गेलं की पुन्हा तशीच घडी घालायची. अ‍ॅटॅक आला तेव्हा मोठ्या नळीत स्टेंट बसवला. दुसरी एक नळी फार बारीक, तिच्यात काही बसवण्यासारखं नव्हतं, म्हणून ती औषधांवर ठेवली होती. शरीराला आता किती श्रम झेपतात ते बघायला डॉक्टरांनी त्यांना माझ्या पट्ट्यावर पाठवलं. उन्हाळ्याची सुरुवात होती.

आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, याच्यात पास झालो तर मले नागद्वारले जाता येईन ना?"

नागद्वार आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. नागपंचमीच्या सुमाराला विदर्भातली माणसं पचमढीच्या जंगलात महादेवाला चालत जातात. डोंगर, चिखल, धुकं, लोखंडी शिड्या, आणि शेवटी गुहेतलं दर्शन. मोहल्ल्यामोहल्ल्यातून मंडळं जातात. देवरावजींचंही मंडळ होतं.

मी वायरी लावत होते आणि ते सांगत होते. "आमच्या मंडळाची एक रीत हाय, मॅडम. चढावर पुढचा बसल्याशिवाय कोनी बसत नाही. बापाच्या टायमापासून हाय. आन् बापानंतर पुढं मीच चालतो."

"आणि तुम्ही कधी बसता?"

"मी नाही बसत," ते म्हणाले. "चढ सरला की मंग बसतो. मधात बसला त्याले लोक वर्षभर बसका म्हनते."

शकुंतलाबाई दाराशी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. 

देवरावजी छान चालले. वेग वाढला, चढ वाढला, तरी चेहऱ्यावर आठी नाही. "पाय मागावर घडलेले हाय," असं मला मध्येच सांगूनही झालं. स्क्रीनवरची रेघ सरळ. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, कारण एवढं चांगलं आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हतं. उतरल्यावर देवरावजींनी मशीनला हात जोडले. मग बाकावर बसून कपाळ दाबायला लागले. "डोकं लय ठणकून राहिलं, मॅडम. चहा भेटन का?" चेहरा लालबुंद झाला होता.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. डॉक्टर रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा मी बोलता बोलता म्हटलं, "बिचाऱ्यांचं डोकं चढलंय, उन्हानं असेल." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चालायच्या आधी जिभेखालची गोळी घेतली का त्यांनी?"

ही गोळी नळ्या थोडा वेळ मोकळ्या करते. म्हणून दुखणं थांबतं, आणि आधीच घेतली तर येतही नाही. पण डोक्याकडच्या नळ्याही मोकळ्या होतात आणि डोकं ठणकतं. श्रमाच्या आधी ती घ्या असं डॉक्टर स्वतःच काहींना सांगतात, त्यात वावगं काही नाही. पण चाचणीच्या आधी गुपचूप घेतली तर आम्हाला गोळीची करामत दिसते, माणसाचं हृदय दिसत नाही.

देवरावजींनी महादेवाची शपथ घेतली. "मी नाही घेतली. मले आजवर त्या गोळीची गरजच पडली नाही." आणि मानी माणूस, रागावलेच. डॉक्टर शांतपणे म्हणाले की या चाचणीवर माझा भरवसा बसत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा करू. देवरावजी तडक स्कूटर काढायला खाली गेले.

शकुंतलाबाई मागे राहिल्या. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मीच देल्ली."

"काय दिली?"

"तेच गोळी. घरून निघताना. त्यायले सांगतलं, हे जिभेखाली धरा, चालताना घसा सुकत नाही. त्यायनं धरली. कोनती गोळी कशाची हे त्यायले काय मालूम, मी जे हातावर ठेवतो ते तोंडात टाकतात."

हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्याकडे आलेल्या नवऱ्यांपैकी फार थोड्यांना आपल्या गोळ्यांची नावं ठाऊक असत. गोळ्या बायकोच्या पिशवीत, पाणी बायकोच्या हातात, यांनी फक्त आ करायचा. मला हसू यायला हवं होतं. पण मला संताप आला. "काहून केलं हो असं? ते पास झाले असते, डोंगर चढायला लागले असते आणि तिथं पडले असते, मग?"

"इथंही पडूनच राहिले ना, ताई," त्या म्हणाल्या. "अ‍ॅटॅक आला तवापासून पलंग सोडत नाही. दुकान सुटलं. पोरगा म्हनते बाबा हे उचलू नका, सून म्हनते बाबा बाहेर जाऊ नका. ताटही आम्ही हातात नेऊन देतो. बोलनंच बंद झालं त्यायचं. भिंतीकडे तोंड करून झोपतात. मधात एकदा मंडळातले नामदेवभाऊ आले होते, म्हने यंदा पुढं कोन चालन? तर उठून बसले. मले म्हने, शकुंतला, पायाले तेल लावून दे. मले वाटलं, मशीननं एक डाव हो म्हटलं तर माहा मानूस मले परत भेटन." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "मरनाचं भेव मलेही हाय, ताई. पन असा जिवंतपनी गेलेला मानूस मी रोज पाहून राहिली."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले, आणि मलाही रडू आलं. आम्ही दवाखान्यातली माणसं कुणाला काय करू नका हे फार चांगलं सांगतो. उरलेल्या आयुष्यात करायचं काय, ते घरी गेल्यावर त्यांचं ते बघून घेतात. शकुंतलाबाईंना जे समजलं ते त्यांनी केलं. चुकीचं होतं आणि जिवावर बेतणारं होतं, तरी मला त्यांच्यावर रागावून राहता येईना.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नवराबायकोच्या मधात आपण नको पडायला. पुढच्या वेळी गोळी देऊ नका म्हणा, बस."

पुढच्या आठवड्यात देवरावजी आले ते चेहरा पाडूनच. या खेपेला थोडं चालल्यावर, पहिला चढ लागताच त्यांची दांडीवरची मूठ आवळली. बडबड बंद झाली. बोलता माणूस गप्प झाला की मी जवळ सरकते, सवयच आहे. "देवरावजी, दुखून राहिलं का?"

"नाही."

ओठ घट्ट मिटलेले, कानशिलावरून घाम. स्क्रीनवरची रेघ खाली झुकायला लागली आणि डॉक्टरांनी हात वर केला. पट्टा थांबवला. मी खुर्ची मागे लावली होती. देवरावजी दांडी धरून उभेच.

"बसा."

"ठीक हाय मी."

"बसा म्हणते ना."

ते बसेनात. खोलीत डॉक्टर, मी, मशीन, तिसरं कोणी नाही, आणि तरी हा माणूस छातीतली कळ दाबून ताठ उभा. तेवढ्यात शकुंतलाबाई दारातून आत आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, बसा ना. इथं आपलं मंडळ नाही हाय."

तेव्हा ते बसले. मी त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली. आम्ही सगळे रेघेकडे बघत राहिलो. हळूहळू रेघ वर आली, कपाळावरचा घाम सुकला. देवरावजींनी तोंडात जीभ फिरवली, पुन्हा फिरवली आणि बायकोकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता होते बोंबाबोंब.

"शकुंतला," ते म्हणाले, "हे तर ते घसा सुकाची गोळी हाय."

शकुंतलाबाई खाली बघत होत्या.  देवरावजी हळूच म्हणाले, "तू मले कॉपी करून पास करून राहिली होती काय वं?" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टर तोंड फिरवून उगाच कागद चाळायला लागले.

मग डॉक्टरांनी निकाल सांगितला. "यंदा नागद्वार नाही. पण पलंगही नाही. उद्यापासून या मॅडमच्या खोलीत यायचं."

देवरावजी आले. पहिले काही दिवस फक्त माझ्यावर उपकार म्हणून आले, मग यायचं म्हणून यायला लागले. या खोलीत काही जादू नसते. आधी अंग मोकळं करायचं, मग हळू चालायचं, कुठे दुखायला लागतं ती जागा ओळखायची आणि तिच्या अलीकडेच राहायचं. रोज असं केलं की ती जागा थोडी थोडी पुढे सरकते. डॉक्टर औषधं बदलत होते, मी वेग बघत होते. तंबाखूचा खर्रा सुटला, तोही चिडचिड करत, माझ्या नावानं बोटं मोडत. पावसाळा येईस्तोवर, ज्या चढाला त्यांची मूठ आवळली होती तो चढ ते गप्पा मारत पार करत होते. रिकाम्या वेळात खोलीतले टॉवेल साडीसारखे घडी घालून ठेवत. तशा घड्या मी दवाखान्यात पुन्हा बघितल्या नाहीत.

मला खरी मेहनत पडली ती त्यांना बसवायला. मी भिंतीला एक लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. चांगलं चालणं सुरू असताना, काही दुखत नसताना मी म्हणायची, "देवरावजी, बसा." सवय लागावी म्हणून. ते करवादायचे. "मॅडम, लोकं इथं चालनं शिकाले येतात, तुम्ही मले बसनं शिकवून राहिल्या." पण बसायचे. एक दिवस मंडळातले नामदेवभाऊ त्यांना न्यायला आले. चढावर देवरावजींच्या बरोबर मागे चालायचे ते हेच, लहानपणापासूनचे दोस्त. लिफ्ट बंद होती, जिना चढून आल्यानं दारात जरा वेळ टेकून उभे राहिले. नेमके तेव्हाच देवरावजी खुर्चीवर होते. "काय बे देवराव, बसला?" नामदेवभाऊ खो खो हसले. देवरावजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसायला सांगितलं तर त्यांनी माझ्याशी भांडण केलं.

त्या वर्षी नागपंचमीला मंडळ गेलं. देवरावजी त्या दिवशी खोलीत आले, चालले आणि टॉवेलांना हात न लावता घरी गेले. 

पुढच्या वर्षी नागपंचमीच्या काही महिने आधी मी निवृत्त झाले. देवरावजी तोवर अर्धा दिवस दुकानात जायला लागले होते. गादीवर बसून साड्या दाखवायचे, वर चढून गठ्ठे काढायचं काम दुसऱ्याकडे दिलं होतं. डॉक्टरांनी त्यांची चाचणी पुन्हा घेतली, ती या वेळी खरी होती, आणि अटी घालून परवानगी दिली. फक्त पहिला डोंगर, तोही हळू. शिड्या नाहीत. चढाच्या आधी गोळी, एक डबी खिशात. सोबत शकुंतलाबाई. आणि दुखलं की तिथूनच माघारी.

निघायच्या आधी दोघं जोडीनं मनीषनगरला माझ्या घरी आले. शकुंतलाबाई पहिल्यांदाच नागद्वारला चालल्या होत्या, नवे बूट घेतले होते, ते मला पिशवीतून काढून दाखवले. देवरावजींनी शर्टाच्या खिशातली डबी वाजवून दाखवली.

"पुढे कोण चालणार?" मी विचारलं.

"मीच," ते म्हणाले.

"आणि दुखलं तर?"

ते हसले, चहाचा कप खाली ठेवला आणि पावसाचं काहीतरी बोलायला लागले.  त्यांना पोचवायला मी गेटपर्यंत गेले, तेव्हाही ते पावसावरच बोलत होते. मागून चाळीसेक माणसं येत असताना, ज्या चढावर त्यांचा बाप कधी बसला नाही त्या चढावर हा माणूस बसेल, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्या इंजिनीअरचा चेहरा सारखा डोळ्यांसमोर येत होता. तिकडे जंगलात फोन लागत नाही. मी दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पालक निवडत होते आणि फोन वाजला. शकुंतलाबाईंचा आवाज.

"ताई, हे बसले."

 स्टूल ओढून मीच खाली बसले. "बसले म्हणजे? आता कुठे आहेत? कसे आहेत?"

"बरे हाय, ताई, बरे हाय. खाली येऊन गेलो आम्ही, आता रेंज लागली म्हनून फोन केला. चढावर दुखलं त्यायले. मी त्यायच्या बाजूलेच होती. हात छातीवर गेला न् परत खाली घेतला त्यायनं. मले वाटलं, आता हा मानूस काही थांबत नाही. तर थांबले. मागं वळले आन् सगळ्यायले आयकू जाईन असं म्हने, मले दुखून राहिलं, मी बसतो. आन् दगडावर बसले. मी गोळी देल्ली. थोड्या वेळानं उतरलं दुखनं."

 मी नुसतं "बरं झालं, बरं झालं" म्हणत होते. मग फोन देवरावजींनी घेतला.

"मॅडम, बसलो."

"ऐकलं मी. फार चांगलं केलंत. कोणी हसलं नाही ना?"

"हसन कोन? मी बसलो तर मागची सगळी लाइन बसली. रीतच हाय ना तशी." मग त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, नामदेवलेही संगंच खाली घेऊन आलो. इथं डॉक्टरच्या तंबूत ठेवला हाय, सुई लावली, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली त्यायनं. जीव वाचन म्हनते."

"नामदेवभाऊंना काय झालं?"

"त्याच्या छातीत खालपासूनच दुखून राहिलं होतं. म्या विचारलं, काहून नाही बोलला बे? तर म्हने, तू बसाची वाट पाहून राहिलो होतो."